एकतिसावी बाई

कारखाने कायदा १९४८चा आणि त्यातलं पाळणाघराचं कलमही अठ्ठेचाळीस. पाठांतराला याहून सोपं कलम सापडायचं नाही. तरीही ते सगळ्यात चोख कुणाला पाठ असायचं, तर ज्यांना पाळणाघर काढायचं नसायचं त्यांना. कलम म्हणायचं, तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. खोलीत उजेड हवा, वारा हवा, स्वच्छता हवी आणि लेकरं सांभाळायचं शिक्षण घेतलेली बाई हवी. वाचून ऊर भरून यावा असं कलम होतं. गोम एवढीच की तीसपेक्षा जास्त म्हणजे किमान एकतीस. त्यामुळे कित्येक कारखान्यांच्या हजेरीपटावर एकोणतीस बायका असायच्या, अगदी दाटीवाटीने तीसही असायच्या, पण एकतिसावी काही केल्या मिळायची नाही. मशीनवर बसलेली दिसायची, जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना दिसायची, हजेरीपटावर मात्र नसायची. विचारलं तर ती ठेकेदाराची असायची. ठेकेदाराचा हजेरीपट बघायला मागितला तर तोही मोठा शिस्तीचा माणूस, तिसाच्या वर जायचा नाही.

या आकड्याचा इतिहासही मजेदार आहे. १९४८ साली तो पन्नास होता. १९७६ मध्ये सरकारला दया आली आणि तो तीस झाला. आता जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, आणि आकडा परत पन्नासावर गेला. मात्र आता त्यात पुरुषही मोजतात. मुलाला बापही असतो ही गोष्ट कायद्याच्या ध्यानात यायला १९४८ ते २०२० अशी बहात्तर वर्षं गेली. हेही नसे थोडके.

इतर जुने कायदेही आपापल्या परीने मोजणीत गुंतलेले होते. बांधकाम कामगारांचा १९९६चा कायदा पन्नासपेक्षा जास्त बायका मागायचा. मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, तिथेही पन्नास माणसं. ती भरली की आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन लेकराला बघून येता येतं. हे वाचून मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईचा हिशेब मांडला. ती सहा घरी भांडी-फरशी करते. सहा घरी मिळून बाई एकच. प्रत्येक घरमालकाच्या हजेरीपटावर (हजेरीपट म्हणजे आमच्या फ्रिजवरचं कॅलेंडर) एकच कामगार. पन्नासाला एकोणपन्नास कमी. आम्ही जोर लावून आणखी एकोणपन्नास बायका भांड्यांना लावल्या तरच तिच्या मुलाला पाळणा मिळेल. आमच्याकडे तेवढी भांडी नाहीत.

मुलगा अडीच वर्षांचा आहे. त्याची सोय काय करतेस, असं विचारल्यावर ताई म्हणाली, "आता सासूबाई बघत्यात, काकू. त्यांचे गुडघे धरले की मोठी बघती. मोठीची परीक्षा असली की शेजारीण. शेजारीण गावाला गेली की मग तुमच्याकडं खाडा."

देशाचं बालसंगोपनाचं धोरण इतक्या थोडक्यात मी कुठल्याही अहवालात वाचलेलं नाही. यात सरकार कुठे बसतं असं विचारावं, तर तिचं उत्तर तयार होतं. "सरकार वजन करायला येतं की!"

यातली मोठी म्हणजे नऊ वर्षांची मुलगी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे. धाकट्याला सांभाळणं त्याहून मोफत आणि त्याहून सक्तीचं. गरीब घरांना मुलं सांभाळायला सरकार किती अनुदान देतं याची आकडेवारी मांडताना ही सासू आणि ही मोठी यांचा रकाना कुठेच नसतो. खरं अनुदान त्याच देतात. एक गुडघ्यांतून देते, दुसरी चौथीच्या वर्गातून.

सरकारने काहीच केलं नाही म्हणावं तर तेही खोटं. २००६ साली राजीव गांधींच्या नावाने पाळणाघरांची राष्ट्रीय योजना आली. २०१७ पासून त्यातलं नाव गेलं आणि योजना राज्यांनी चालवायची असं ठरलं. तिचे नियम वाचले की आपणच पुन्हा लहान व्हावं असं वाटतं. वय सहा महिने ते सहा वर्षं, एका केंद्रात पंचवीस मुलं, महिन्याचे सव्वीस दिवस, दिवसाचे साडेसात तास, खाणं, झोप, औषधपाणी सगळं. आणि फी? दारिद्र्यरेषेखालच्या घरांना महिना वीस रुपये ठरली होती. आई-बापांचं मिळून महिना बारा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर शंभर, त्याच्या वर दोनशे. पुण्यात वीस रुपयांत रिक्षात बसताही येत नाही, इथे पोर महिनाभर बसणार. आमच्या भागात खासगी पाळणाघरवाल्या बाई अर्ध्या दिवसाचे चार हजार घेतात आणि वर डबा आपला.

पण वीस रुपये भरायचे तर आपण वीस रुपयांचेच आहोत हे आधी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी रेशनकार्ड. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आली. पिवळं, केशरी आणि पांढरं. पिवळ्यासाठी ठरलेली उत्पन्नाची मर्यादा आहे कुटुंबाला वर्षाला पंधरा हजार. महिन्याला भागून पाहा, साडेबाराशे रुपये येतात. ताईने दोन घरची भांडी धरली की ती गरिबीतून बाहेर. सहा घरं म्हणजे जवळजवळ उद्योगपतीच. त्यात आणखी अटी अशा, की घरात कुणी डॉक्टर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट नसावा आणि घरी टेलिफोन नसावा. पहिल्या अटी ताईच्या घराने वर्षानुवर्षं कसोशीने पाळल्या आहेत. टेलिफोनचं मात्र अवघड आहे. कारण एका खात्याला गरिबाघरी फोन नको असतो आणि दुसरं खातं गरिबाला खाऊ देण्याआधी त्याच्या फोनवर ओटीपी पाठवतं.

रेशनकार्डाने भागलं नाही तर उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी कामावर खाडा. पहिल्या दिवशी साहेब नसतात, दुसऱ्या दिवशी सर्व्हर नसतो, तिसऱ्या दिवशी दोघं असतात पण झेरॉक्सवाल्याकडे वीज नसते. या खाड्यांचा एक फायदा असा की दाखला हातात पडेपर्यंत उत्पन्न आपोआप मर्यादेत येतं.

एवढं करून पाळणाघर शोधायला निघालं तर पंचक्रोशीत ते नसतं. २०२२ मध्ये केंद्राने मिशन शक्ती आणलं, त्यात जुन्या पाळणाघर योजनेला पाळणा असं गोड नाव दिलं आणि देशात सतरा हजार अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचं ठरवलं. सतरा हजार ऐकायला भरघोस वाटतं. देशात अंगणवाड्या आहेत चौदा लाखांच्या आसपास. शंभरातल्या एकीला पाळणा आणि बाकीच्या नव्व्याण्णव जणींना पाळण्याची बातमी.

अंगणवाडी मात्र आहे. २ ऑक्टोबर १९७५ला देशातल्या ३३ ठिकाणी ती सरकारी योजना म्हणून सुरू झाली आणि आज महाराष्ट्रातच लाखाच्या वर भरतात. ताईच्या वस्तीतली मी पाहिली आहे. दहा बाय दहाची भाड्याची खोली. भिंतीवर फळांचा तक्ता, त्यात स्ट्रॉबेरी आणि किवी. समोर बसलेल्यांनी आयुष्यात केळ्याच्या पुढे मजल मारलेली नाही. कोपऱ्यात वजनाचा काटा. मुलं भिंतीला टेकून ओळीने बसलेली, पुढ्यात आपापली ताटली, बचत गटाच्या बाईंनी आणलेली खिचडी मदतनीस वाढते आहे. एक मूल खिचडीतले शेंगदाणे वेचून चड्डीच्या खिशात भरतं आहे, घरच्या कुणासाठी असावेत. आणि सेविकाबाई एकाच वेळी गाणं म्हणतात, एकीचं नाक पुसतात, दुसऱ्याची उंची लिहितात आणि मोबाइलवर रेंज शोधत दारात हात वर करून उभ्या राहतात. वर गेलेला हात पाहून त्या सरकारला देव मानतात असं समजू नका. रेंजसाठी हात वर करावाच लागतो.

२०२१ मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल सरकारलाच परत केले होते. ते तापायचे, बंद पडायचे आणि अ‍ॅप इंग्रजीत. आता प्रकरण पुढे गेलं आहे. घरी न्यायच्या आहाराचं पाकीट द्यायचं तर पोषण ट्रॅकर या अ‍ॅपला चेहरा दाखवावा लागतो. लेकराचा नव्हे, आईचा. मी गेले त्या दिवशी एक बाई धावत आली, हाताला अजून साबणाचा फेस. सेविकाबाईंनी फोन समोर धरला. "डोळे मिटा. उघडा. परत मिटा. अगं, हलू नको." त्या बाईने सहा वेळा डोळे मिटले-उघडले. आधार कार्डावरचा चेहरा लग्नाआधीचा होता आणि समोरचा दोन बाळंतपणांनंतरचा. अ‍ॅपला दोघींची ओळख पटेना. मग बाईने पदराने कपाळ पुसलं, थोडी हसली, आणि जुळलं. अ‍ॅपला गरीब आई हसरी लागते.

आता यातला व्यवहार बघा. आई कामावर असते म्हणून मुलाची आबाळ होते, म्हणून सरकार पाकीट देतं, आणि ते पाकीट घ्यायला आईने काम सोडून यायचं. सासूचा चेहरा चालत नाही. सांभाळायला चालतो, पाकिटाला नाही.

शिवाय अंगणवाडीत बसवायचं ते तीन वर्षं पूर्ण झाल्यावर. त्याखालच्या मुलाला पाकीट मिळतं, जागा मिळत नाही. आणि जागा मिळते तीही दुपारपर्यंत. दीडच्या सुमारास कुलूप. ताईचं पाचवं घर तेव्हा सुरू होतं आणि सहाव्या घरच्या बाईंना दुपारची झोप झाल्यावर, चार वाजता भांडी लागतात. उद्या मुलगा तिथे बसला तरी तिथून घरी जाणार कुणाबरोबर? मोठीबरोबर. सेविकाबाईंना कुलूप लावायची हौस आहे असं मात्र समजू नका. पुढे त्यांना गृहभेटी, माहिती भरणं आणि सर्वेक्षणं असतात. त्यांची स्वतःची मुलं कोण सांभाळतं ते विचारलं तर त्याही सासूबाईंचं नाव सांगतात. सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत हेही २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

मूल कुणी सांभाळायचं हे कोडं कधी कुणाला सुटलंच नाही, असं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण ते सुटलं आहे आणि आपल्याच राज्यात. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी जन्माला आली ती अशी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघांना दिसलं की मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे असतात. त्यांनी शाळा कुरणात भरवली. मग दिसलं की मुली तरीही येत नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंड. त्यावर शासन निर्णय काढायची सोय त्यांच्याकडे नव्हती, म्हणून त्यांनी सरळ पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. नाव विकासवाडी. मोठीने यायचं, धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं, स्वतः वर्गात बसायचं. ताईच्या मोठीला आज हेच हवं आहे. सरकारने ताराबाईंचं अंगण घेतलं, नाव घेतलं, फक्त शेजारचा पाळणा घ्यायचा राहून गेला.

दिल्लीत १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीचं प्रदर्शन राजघाटाजवळ उभं राहत होतं. तिथे काम करणाऱ्या मजूर बायकांची मुलं धुळीत लोळताना मीरा महादेवन यांनी पाहिली, तंबूत त्यांना बसवलं आणि मोबाइल क्रेशेस ही संस्था सुरू झाली. शेवटच्या माणसाचं प्रदर्शन मांडताना शेवटच्या माणसाचं पोर वाळूत, हे कुणाच्या तरी नजरेला खुपलं हेच विशेष. संस्थेची ही पाळणाघरं बांधकामाबरोबर हलतात. इमारत झाली की पाळणाघर पुढच्या इमारतीकडे. कारण मुलांच्या आया तिकडे गेलेल्या असतात.

मला स्वतःला या सगळ्या कायदेबाजीत एकच तरतूद मनापासून आवडली. २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं की कामावरच्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी इतरांइतकीच द्यायची. म्हणजे माती खणणारीला जेवढे पैसे, तेवढेच झाडाखाली पाच पोरांना गप्प बसवणारीला. पाच पोरं एकत्र सांभाळलेला कुणीही सांगेल, माती खणणं परवडलं. पण सरकारने मान्य केलं की हे काम आहे आणि कामाचे पैसे असतात. इतकं शहाणपण एका कलमात मावलं हे पाहून मी ते दोनदा वाचलं. प्रत्यक्षात कामावर किती ठिकाणी अशी बाई बसलेली कुणाला दिसली, तो प्रश्न या लेखाच्या विनोदात बसणार नाही.

ऊसतोडीवाल्यांच्या बाबतीत तर मोजणीच खुंटते. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला, हिशेब कोयत्याचा. पन्नास बायका कशा भरणार? बाई मुळात अर्धी. ती पहाटे फडात उतरते तेव्हा मूल पाचटावर निजलेलं असतं आणि शेजारी मोठी असते. तीच ती.

सरकारला आईची अडचण कळत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हटकते. घरची अडचण त्याला चटकन कळते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना नोकरीभरात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. आपल्या राज्याने २०१८ मध्ये १८० दिवसांची दिली. चांगलंच आहे, माझी भावजय राज्य सरकारात आहे, त्यामुळे याविरुद्ध मी एक अक्षर लिहिणार नाही. मूल आजारी पडलं की भावजय रजा टाकते. ताई खाडा करते आणि दोनच्या वर झाले की सहा घरांपैकी चार घरं पैसे कापतात.

एकट्या आईसाठी सावित्रीबाईंच्या नावाची बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिना २,२५० रुपये. रक्कम बरी आहे. तिच्या कागदपत्रांत मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला या नेहमीच्या यशस्वी कलाकारांबरोबर एक फोटो लागतो: पालक आणि मूल, स्वतःच्या घरासमोर उभे. आमच्या ताईच्या बहिणीने तो काढून घेतला. खोली भाड्याची, म्हणून मालक घरासमोर उभं राहू देईना. शेवटी त्यालाही फोटोत घेतला. आता साहेब विचारताहेत की वडील वारले म्हणता, मग हे कोण?

लाडक्या बहिणीचे दीड हजार ताईला मिळतात. तिने ते कशाला लावले असं विचारायची आमच्या सोसायटीत फार जणांना हौस आहे. मीही विचारलं. पाळणाघराला लावले असते, पण दीड हजारात फार तर मुलाचा एक पाय आत जाईल, असं ती म्हणाली आणि पुढच्या भांड्यांकडे वळली.

सोसायटीवरून आठवलं. आमच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद आता अ‍ॅपवर होते. सकाळी सहा ते दहाच्या आत कामाच्या बायका किती आत आल्या ते मी वॉचमनकाकांना विचारलं. त्यांनी बोट फिरवून सांगितलं, एकशे बारा. कायद्याला पन्नास लागतात, इथे एकाच फाटकातून दुप्पट बायका रोज शिरतात, सहीनिशी, फोटोनिशी. फक्त आत आल्यावर त्या लिफ्टने वेगवेगळ्या मजल्यांवर जातात आणि कायद्याच्या हिशेबात परत एकेकट्या होतात. त्याच आवारात क्लबहाउस आहे. खालची खोली सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत बंद असते. आत एक कॅरम, दोन मोडक्या सायकली आणि गणपतीचं मखर. तीत उजेड आहे, वारा आहे, नळ आहे. लेकरं सांभाळायला कुणी मिळेल का, असं विचारल्यावर ताईने तिथल्या तिथे तीन नावं सांगितली. त्यातलं एक तिच्या सासूबाईंचं होतं. "गुडघ्यांमुळं चढ-उतार जमत नाही, पण एका जागी बसून पगार मिळाला तर त्या कुठं नाही म्हणत्यात!"

तेव्हा माझी वाचकांना विनंती आहे. आपल्या फाटकावरचा आकडा एकदा विचारून घ्या. पन्नासाच्या वर असला, आणि असणारच, तर सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत खालच्या खोलीचा विषय मांडा. विषयपत्रिकेवर जागा नाही असं सेक्रेटरी म्हणतील. शेवटी 'आयत्या वेळचे विषय' असतात, त्यात घाला. आणि मखर कुठे ठेवायचं असा प्रश्न आला, तर आमच्या बाल्कनीत जागा आहे.